काल्मिकियातलं बौद्ध शिक्षण आणि मुंडगोडचा मठ

बेळगाव-हुबळीकडच्या लोकांना मुंडगोडचा तिबेटी कॅम्प माहीतच असतो, सुट्टीच्या दिवशी गाडी काढून बघून येतात. पण तिथल्या ड्रेपुंग गोमांग मठात शिकणारी काही पोरं थेट रशियातल्या काल्मिकियातून, म्हणजे कॅस्पियन समुद्राजवळून येतात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि ती एवढ्या लांब का येतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

काल्मिक मूळचे पश्चिम मंगोल, सतराव्या शतकात व्होल्गाकाठी आले, धर्म तिबेटी परंपरेतला बौद्ध. 1648 मध्ये झाया पंडित या भिक्षूंनी तोदो बिचिग, म्हणजे 'स्पष्ट लिपी', तयार केली. देवळाला ते खुरूल म्हणतात, आणि शाळा, वैद्यकी, ग्रंथ सगळं तिथेच असायचं. सोव्हिएत काळात 1930 च्या दशकाच्या शेवटापर्यंत सगळे खुरूल बंद झाले, भिक्षू तुरुंगात गेले, कित्येकांना गोळ्या घातल्या. त्यात लिपी आधी सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची, केली, 1930 ला रोमन, 1938 ला परत सिरिलिक, म्हणजे आजोबांची पोथी घरात असली तरी नातवाला वाचता येईना. मला हा घाव देवळं पाडण्यापेक्षा खोल वाटतो, भिंती काय परत बांधता येतात.

मग 28 डिसेंबर 1943 ला जर्मनांना साथ दिल्याचा आरोप अख्ख्या जमातीवर ठेवून नव्वद हजारांहून जास्त माणसं गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाला पाठवली, ऐन थंडीत. सामान बांधायला वेळ जेमतेम, तरी कुणी कुणी गाठोड्यात घरातलं बुरखान, म्हणजे बुद्धाची छोटी मूर्ती, घातलंच. 1957 ला परतीची परवानगी मिळाली पण खुरूल उघडायची नाही. तेव्हा म्हाताऱ्या बायका चांद्र महिन्याच्या 8, 15 आणि 30 तारखेला कुणाच्या तरी घरी जमायच्या, आपल्याकडे एकादशी धरतात तसा उपास, दिवा आणि तोंडपाठ मंत्र. एवढ्यावर धर्म टिकला, खरं श्रेय या आज्यांचं.

1988 मध्ये एलिस्ता शहरात पहिल्या बौद्ध संघाची नोंदणी झाली, 1991 ला दलाई लामा येऊन गेले. पण शिकवणार कोण? अमेरिकेत काल्मिक कुटुंबात जन्मलेले, लहानपणीच गोमांग मठात येऊन शिकलेले तेलो तुल्कू रिनपोछे 1992 ला काल्मिकियाचे मुख्य लामा झाले, आणि तिथून मुलं भारतात पाठवायची वाट पडली. डिसेंबर 2005 मध्ये एलिस्तात मोठा खुरूल उघडला, आत 9 मीटरची बुद्धमूर्ती आहे, तिथे तिबेटी आणि काल्मिक भाषेचे क्लासही चालतात. युक्रेन युद्धाला विरोध केल्यावर 2023 च्या जानेवारीत तेलो तुल्कूंना रशियाने 'परकीय एजंट' ठरवलं, त्यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी जे आले ते काल्मिकच, आणि तेही गोमांगमध्येच शिकलेले.