सरासरी ४, धोका १३

"मी एकाच मुलाबरोबर असतो, मला कसली एचआयव्हीची तपासणी?" ठाणे-ऐरोलीकडच्या समलिंगी तरुणांशी बोलताना हे हटकून ऐकू येतं. यात तो खोटं बोलत नसतो, पण गणित चुकतं.

समजा, दहा पुरुष आहेत. नऊ जणांचे वर्षभरात प्रत्येकी २ जोडीदार, दहाव्याचे २२. बेरीज ४०, सरासरी ४. यांच्यापैकी एकाशी तुमचं जुळलं, तर तो दहावा असण्याची शक्यता दहात एक नसते. ४० पैकी २२ संबंध त्याचेच, म्हणजे शक्यता निम्म्याहून जास्त! ठाणे स्टेशनसारखंच हे. जिथे जास्त मार्ग मिळतात, तिथेच माणूस हमखास येऊन पोचतो. त्यातून, लागण होण्याची आणि पुढे देण्याची, दोन्ही संधी जोडीदारांच्या संख्येबरोबर वाढतात. म्हणून संख्येचा वर्ग घ्यायचा. नऊ वेळा ४ आणि एकदा ४८४, एकूण ५२०. भागिले ४०, उत्तर १३. म्हणजे लागण अशी पसरते, जणू प्रत्येकाचे १३ जोडीदार आहेत. सगळ्यांचे चार-चार जोडीदार असते, तर उत्तर ४ आलं असतं. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात एचआयव्हीसाठी हेच मांडलं: सरासरी, अधिक विचरण (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत, त्याचं माप) भागिले सरासरी.

हे गणित स्त्री-पुरुषांनाही लागू आहे. फरक शरीराचा. कंडोमविना गुदसंभोगात, समोरच्याला उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर स्वीकारणाऱ्याला दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते. योनीसंभोगात स्त्रीला सुमारे ८ वेळा. शिवाय दोन पुरुषांत भूमिका बदलू शकतात, त्यामुळे सहज लागण झालेला तितक्याच सहज ती पुढे देतो. याला 'पापाचं फळ' म्हणणाऱ्यांनी आधी हे आकडे पाहावेत.

लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग हमखास बरा' अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला व्रण दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. श्रेय वैदूला मिळतं, जंतू मात्र शरीरात तसेच राहतात. ते पेनिसिलिनने मरतात.

त्या दहाव्याला नावं ठेवली, तर तो तपासणीला येणारच नाही. तो आला आणि गरमीवर पेनिसिलिन मिळालं, किंवा एआरटीच्या गोळ्यांनी एचआयव्ही दबलेला राहिला, तर त्याच्याकडून लागण पुढे जात नाही आणि उरलेल्या नऊ जणांचा आकडा २ वर येतो. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ती तुमच्या संमतीनेच करावी लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जोडीदार एकच असला तरी जा, आणि सिफिलिसची तपासणीही मागून घ्या.