‘बॅकग्राउंड थ्रेड’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये विद्यार्थ्यांना थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये इतर कामांच्या जोडीने चालणारा कामाचा धागा, शिकवताना एक समज दरवर्षी पुढे येतो : बॅकग्राउंड थ्रेड म्हणजे सावकाश चालणारा, कमी प्राधान्याचा थ्रेड. हा समज आजच्या प्रोग्रामिंग भाषांपुरता चुकीचा असला, तरी निराधार नाही.

१९६१ साली अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली चालवून दाखवली, तेव्हा टर्मिनलवर बसलेल्यांचे काम ‘फोरग्राउंड’ ठरले आणि त्यांचे भागल्यावर उरलेल्या वेळात चालणारी बॅचची (आधीच गठ्ठ्याने दिलेली) कामे ‘बॅकग्राउंड’. शब्दाचा पहिला अर्थ खरोखरच ‘उरलेल्या वेळेचा धनी’ असा होता. पुढे युनिक्स या प्रणालीच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आज्ञेच्या शेवटी ‘&’ लिहिले की शेल ते काम संपण्याची वाट न पाहता पुढची आज्ञा घेऊ लागले. माझ्या मते अर्थ वळला तो इथे : वेगाची जागा वाट पाहण्याने घेतली.

थ्रेड रुळले ते बऱ्याच नंतर. एकाच प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) मेमरीत अनेक थ्रेड चालवण्याची सोय विंडोज एनटीने १९९३ साली दिली आणि पॉझिक्सचे (युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या सामाईक मानकांचे) थ्रेडविषयक मानक १९९५ साली आले. १९९६ च्या जावाने ‘डीमन’ थ्रेड आणला. हा शब्द एमआयटीतल्याच प्रोग्रामरांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, न थकता रेणू निवडणाऱ्या डीमनवरून उचललेला होता. नियम असा की फक्त डीमन थ्रेड उरले की प्रोग्राम संपतो, त्यांचे काम अर्धवट असले तरीही. २००२ च्या डॉटनेटने, म्हणजे सी-शार्प भाषेतले प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेने, हाच नियम ‘बॅकग्राउंड’ या नावाने स्वीकारला. प्राधान्य ही दोन्हीकडे वेगळी सेटिंग आहे.

हा फरक मला फार उशिरा कळला. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्यासाठी वजनाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मी सी-शार्पमध्ये लिहिला होता. स्क्रीन अडकू नये म्हणून फाइलमध्ये लिहिण्याचे काम थ्रेड पूलकडे (कामे उचलायला तयार ठेवलेल्या थ्रेडच्या ताफ्याकडे) सोपवले होते, आणि पूलमधले थ्रेड मुळातच बॅकग्राउंड असतात. एका संध्याकाळी मुनीमजींनी शेवटच्या क्रेटचे वजन टाकून लगेच खिडकी बंद केली. सकाळी शेवटच्या तीन नोंदी फाइलमध्ये नव्हत्या. कागदी पावत्या होत्या म्हणून हिशेब जुळला. ‘फायनली’मध्ये, म्हणजे काहीही झाले तरी शेवटी चालावा अशा भागात, लिहिलेला फाइल नीट बंद करण्याचा कोडही चालला नव्हता, कारण असा थ्रेड प्रोग्रामबरोबरच तोडला जातो.

मग मी लेखनासाठी वेगळा फोरग्राउंड थ्रेड ठेवला. खिडकी बंद होताना रांगेत शेवटची खूण टाकली जाते, थ्रेड ती येईपर्यंतच्या सगळ्या नोंदी लिहितो आणि मगच प्रोग्राम संपतो. २०२३ च्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड (जावाच सांभाळते असे हलके थ्रेड) तर कायमच डीमन असतात आणि ते बदलू पाहिल्यास एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येते. तिथे असे लेखन करायचे, तर मुख्य थ्रेडला ‘जॉइन’ या आज्ञेने त्या थ्रेडचे काम संपेपर्यंत वाट पाहायला लावावे लागते.