कास्कला राखणदार लागतो, पुरलेल्याला लागता कामा नये

कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा विषय निघाला की आमच्याकडे गोव्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "अणुकचरा काँक्रीटच्या पिंपांत भरून पुरणार." काणकोणातल्या एका बैठकीत मी ते तीनदा ऐकलं. विरोध करणाऱ्यानेही म्हटलं, बाजूने बोलणाऱ्यानेही म्हटलं आणि आभार मानणाऱ्यानेही. कैगात काय होणार, काय नाही, हा वाद इथे बाजूला ठेवू. या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी कालवल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पिंपात ठेवणं ही एक आणि पुरणं ही दुसरी. बातम्यांत दोन्हींना 'विल्हेवाट' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे ड्राय कास्क, जाड पिंपातली कोरडी साठवण. ती बहुतेकांनी आता वाचलेली असते, म्हणून थोडक्यात सांगतो. अणुभट्टीतून काढलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत निवतं. मग ते पोलादी डब्यात घालतात, पाणी काढून आत हेलियम भरतात, झाकण वेल्ड करतात आणि डबा काँक्रीटच्या जाड कवचात बसवतात. कवचाला खाली आणि वर झरोके असतात. खालून गार हवा शिरते, डब्याला लागून तापते आणि वरून निघून जाते. पंप नाही, वीज नाही. जुन्या घरात चुलीची ऊब वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडते, तसंच हे. काही प्रकारांत झाकण वेल्ड न करता बोल्टनी आवळतात, पण आपल्या विषयाला त्याने फरक पडत नाही. भरलेला कास्क शंभर टनांच्या वर जातो, म्हणजे आपल्या खनिजाच्या दहा टनी ट्रकाच्या दहा खेपा. आणि पिवळ्या पिंपातून हिरवा रस गळतानाची चित्रं कृपा करून पुढे पाठवू नका. आतलं इंधन पातळ नसतंच. धातूच्या नळ्यांत बंद केलेल्या त्या भाजलेल्या, कठीण गोळ्या असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे खोल खडकात कायमचं पुरणं. याचं सगळ्यात पुढे गेलेलं उदाहरण फिनलंडमधलं ओंकालो. तिथे जमिनीखाली सुमारे ४०० ते ४५० मीटरवर, १९० कोटी वर्षांच्या जुन्या खडकात बोगदे खोदले आहेत. इंधन तांब्याच्या जाड कुपीत जायचं, कुपीभोवती पाणी लागताच फुगून फटी बुजवणारी बेंटोनाइट माती ठासायची आणि शेवटी बोगदेही भरून बंद करायचे.

आता फरक. लोकांना वाटतं फरक खोलीचा आहे: एक वर, एक खाली. किंवा मजबुतीचा: एक कच्चं, एक पक्कं. दोन्ही चूक. त्याच बैठकीत मागच्या बाकावरच्या एका मावशींनी विचारलं, "मग राखण कोण करतलो?" सगळा फरक या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे गावागावाला राखणदार असतो, त्यामुळे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कास्क राखणदार धरूनच बांधलेला असतो. झरोके पाचोळ्याने किंवा पक्ष्यांच्या घरट्याने बुजले नाहीत ना, हे कुणीतरी पाहायचं. तापमान आणि किरणोत्सार मोजायचा. समुद्राजवळच्या जागी आणखी एक काळजी असते. खाऱ्या हवेतल्या क्षारांमुळे स्टेनलेस स्टीललाही वेल्डिंगच्या जागी बारीक तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून डबे तपासत राहावे लागतात. खिडकीचे गज दर चतुर्थीआधी खरवडून रंगवणाऱ्या माणसाला खारा वारा काय करतो हे सांगायला नको. आणि एक दिवस तो कास्क उघडायचा किंवा दुसरीकडे न्यायचा, हेही आधीपासून ठरलेलं असतं. ओंकालोत याच्या उलट आहे. बोगदे बुजवल्यावर कुणी लक्ष दिलं नाही, राज्य बदललं, भाषा बदलली, तिथे काय आहे हेच लोक विसरले, तरी ते सुरक्षित राहावं असा त्याचा आराखडा आहे.

म्हणून "हा कास्क दहा हजार वर्षं टिकेल का?" हा प्रश्न चुकीचा आहे, आणि "हो, फार मजबूत आहे" हे उत्तर त्याहून चुकीचं. मला या उत्तराचा राग जास्त येतो, कारण ते माहीतगार माणसाकडून येतं. कास्क आपल्या कामात उत्तमच आहे. २०११ मध्ये फुकुशिमा दाइचीच्या आवारात नऊ कास्कांत इंधनाचे ४०८ जुडगे होते. त्सुनामीचं पाणी थेट त्या इमारतीत घुसलं, तरी कास्क शाबूत राहिले. पण काही दशकं नीट सांभाळणं आणि हजारो वर्षांची सोय लावणं ही एकाच कामाची दोन मापं नव्हेत, ती दोन कामं आहेत.

ती एक मानली की काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या सरी अणुवीज केंद्रावर कास्क उभे राहिले, परवाना २० वर्षांचा. सरकारने कायद्यानेच कबूल केलं होतं की ३१ जानेवारी १९९८ पासून इंधन उचलायला लागू. ते कायमचं पुरण्यासाठी ठरवलेलं युक्का पर्वतातलं भांडार झालंच नाही, कुणी काही उचललं नाही, आणि सरीच्या परवान्याला आणखी ४० वर्षं मिळाली. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं तिथेच मुरलं. (आणि 'भांडार' हा शब्दही मला खटकतो. ज्यातून पुन्हा काही काढायचं नाही, ते भांडार कसलं?)

भारताचं गणित आणखी निराळं आहे. इथे वापरून झालेलं इंधन कचरा मानतच नाहीत. त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम काढून पुढच्या अणुभट्ट्यांत वापरायचं, हे आपलं धोरण. आपल्या खाणींचे डंप आठवा. कमी लोहाचं म्हणून बाजूला टाकलेलं खनिज चीनची मागणी वाढल्यावर विकलं गेलं. ते पुरून टाकलं असतं, तर विकायला हाती काय उरलं असतं? पुढे काढून घ्यायचं आहे तेच साठवतात, म्हणून आपल्याकडे कास्कातलं इंधन 'पुरलं' म्हणणं दुप्पट चूक. खरा कचरा म्हणजे ते सगळं काढून घेतल्यावर उरणारा उग्र किरणोत्सारी भाग. तो काचेत मिसळून गोठवतात, आणि तारापूरला तशा कुप्या हवेने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवल्या आहेत. तीही साठवणच. कायमचं खोल पुरण्याची जागा भारतात अजून एकही नाही.

तेव्हा पुढच्या सुनावणीला कुणी जाणार असेल, तर मजबुतीवर वेळ घालवू नका. हे लेखी मागा: परवाना किती वर्षांचा, झरोके आणि डबे कोण आणि किती दिवसांनी तपासणार, त्याच्या नोंदी गावाला दिसणार का, आणि मुदत संपल्यावर कास्क कुठे जाणार.