निवडणुकीचा विषय कोण ठरवतो?

२० जुलै २०२३ रोजी ब्रिटनमध्ये एकाच दिवशी तीन पोटनिवडणुका झाल्या. उत्तर यॉर्कशायरमधील सेल्बी आणि एन्स्टी ही वीस हजारांहून अधिक मताधिक्याची जागा सत्ताधारी हुजूर पक्षाने मजूर पक्षापुढे गमावली. सॉमरसेटमधील सॉमर्टन आणि फ्रूम ही जवळपास तितकीच सुरक्षित समजली जाणारी जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे गेली. बोरिस जॉन्सन यांनी रिकामी केलेली पश्चिम लंडनमधील अक्सब्रिजची जागा मात्र पक्षाला अवघ्या ४९५ मतांनी राखता आली. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांवर दिवसाला साडेबारा पौंड आकारण्याची योजना लंडनचे महापौर सादिक खान बाह्य उपनगरांपर्यंत नेणार होते आणि हुजूर पक्षाच्या उमेदवाराने जवळपास सारा प्रचार त्या एका विषयावर केला होता. दोन दारुण पराभव आणि एक निसटता विजय एवढी सामग्री समोर असताना पक्षाच्या धुरिणांनी धडा घेतला तो विजयाकडून: कामगिरीऐवजी असा एखादा वादाचा विषय उचलून लढावे.

हा मोह का होतो, याचे उत्तर मतदारांच्या वर्तनाच्या अभ्यासात सापडते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६३ मध्ये निवडणुकीतील प्रश्नांचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात सर्वांना एकच गोष्ट हवी असते. महागाई वाढावी किंवा रुग्णालयात दीर्घकाळ ताटकळावे, असे कोणालाच वाटत नाही. अशा प्रश्नांवर मतदार एवढेच पाहतो, की काम कोणाकडून नीट होईल. दुसऱ्या प्रकारात समाजच दोन्ही बाजूंना उभा असतो आणि तिथे कार्यक्षमतेपेक्षा ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे’ हा सवाल मोठा ठरतो. ज्या सरकारच्या कार्यक्षमतेची लाज गेली आहे, त्याला लढाई पहिल्या मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायची असते. सांस्कृतिक संघर्षाच्या राजकारणामागचे गणित इतके साधे आहे.

सुनक सरकारची अडचण नेमकी पहिल्या मैदानावर होती. लिझ ट्रस यांच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये निधीची तरतूद न करता मोठी करकपात जाहीर केली, तेव्हा पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर गेला आणि निवृत्तिवेतन निधी कोसळू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर पोचला. त्याच महिन्यात, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक यांची पक्षनेतेपदी निवड झाली. आपल्याकडे तेव्हा जे कौतुक झाले, त्यात त्यांच्या पुढ्यात काय वाढून ठेवले होते याची चर्चा फारशी नव्हती. पुढे महागाईचा दर खरोखरच उतरला आणि मे २०२४ मध्ये तो २ टक्क्यांवर आला. पण दर उतरणे म्हणजे किमती उतरणे नव्हे, आणि ग्राहक दुकानात दर पाहत नाही, किंमत पाहतो. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेची प्रतीक्षा यादी तर सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या पुढे गेली होती.

मग मैदान बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक यांनी पेट्रोल आणि डिझेलच्या नव्या गाड्यांवरील बंदी २०३० वरून २०३५ पर्यंत पुढे ढकलली आणि त्याच भाषणात मांसावरील कर, कचऱ्याचे सात वेगवेगळे डबे अशा ‘योजना’ रद्द केल्याचे सांगितले, ज्या सरकारने कधी स्वीकारल्याच नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये वाहनचालकांसाठी स्वतंत्र आराखडा आला. दैनंदिन गरजेच्या गोष्टी घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर असाव्यात, या निरुपद्रवी नगररचनेच्या कल्पनेत परिवहनमंत्र्यांना नागरिकांवरील पाळत दिसू लागली. लिंगओळखीच्या प्रश्नावर पक्षाच्या अधिवेशनात टाळ्या घेण्यात आल्या. नोव्हेंबरमध्ये एस्थर मॅकव्हे यांना मंत्रिमंडळ बैठकांत स्थान मिळाले ते ‘कॉमन सेन्स’च्या, म्हणजे साध्या व्यवहारबुद्धीच्या, रक्षणासाठी, असे वृत्तपत्रांनी सांगितले. मे २०२४ मध्ये, निवडणूक जाहीर होण्याच्या काही दिवस आधी, त्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या गळ्यातील ओळखपत्रांच्या रंगीबेरंगी फितींविरुद्ध मोहीम उघडली. विनोदी लेखकाला हे सुचले असते, तर संपादकाने ते अतिशयोक्ती म्हणून परत पाठवले असते.

असे प्रयत्न कधी लागू पडतात आणि कधी नाही, याचा पुरावा जुना आहे. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-अभ्यासकांनी चॅपेल हिल या गावातील शंभर अनिश्चित मतदारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा या मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि बातम्यांत ठळकपणे येणारे प्रश्न यांचा क्रम जवळजवळ जुळला. परंतु यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नव्हते. ते तपासण्यासाठी शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास प्रयोग केले. अमेरिकेतील न्यू हेवन शहरातील रहिवाशांना आठवडाभर संध्याकाळच्या बातम्या दाखवण्यात आल्या. एका गटाच्या बातम्यांत संरक्षणसिद्धतेतील उणिवांचे वृत्तान्त घुसवले होते, दुसऱ्याच्या बातम्यांत प्रदूषणाचे, तिसऱ्याच्या बातम्यांत महागाईचे. पहिल्या दोन गटांत त्या त्या विषयाची चिंता वाढली आणि अध्यक्ष कार्टर यांचे मूल्यमापन करताना लोक त्या विषयाला अधिक वजन देऊ लागले. महागाईच्या गटात मात्र फारसा फरक पडला नाही, कारण ती चिंता आधीच शिगेला पोचलेली होती. माझ्या मते सुनक यांच्या सल्लागारांसाठी या प्रयोगातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच होता. जे प्रश्न लोकांना दूरचित्रवाणीवरून कळतात, त्यांचा क्रम दूरचित्रवाणी बदलू शकते. जे त्यांना रोज वीजबिलात आणि घराच्या हप्त्यात भेटतात, त्यांना बातम्यांनी झाकणे अवघड असते.

स्थलांतराचा प्रश्न वेगळा होता, कारण जनमत चाचण्यांत तो महागाई आणि आरोग्यसेवेबरोबर खरोखरच वरच्या स्थानी होता. इंग्लिश खाडी ओलांडून लहान होड्यांतून येणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये सुमारे ४६ हजार झाली होती, आणि ‘होड्या थांबवा’ ही घोषणा सुनक यांच्या भाषणाच्या मंचावरच लिहिलेली असे. पण एखाद्या विषयाचे महत्त्व वाढवल्याचा लाभ त्या विषयावर ज्याचा शब्द विश्वासार्ह वाटतो त्यालाच होतो. चौदा वर्षे सत्तेत असलेल्या पक्षाने होड्यांबद्दल जितके बोलावे, तितके ‘मग इतकी वर्षे काय केले’ हे विचारणे सोपे होत गेले. आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बेकायदा ठरवली. त्यावर मात करणारा कायदा झाला, तरी निवडणुकीपर्यंत सक्तीने कोणालाही तिथे पाठवता आले नाही. विषय पेटलेला आणि हात रिकामे, ही स्थिती नायजेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाला हवीच होती. वर्नर क्राउझे, डेनिस कोहेन आणि तारिक अबू-चादी या राज्यशास्त्रज्ञांनी पश्चिम युरोपातील बारा देशांच्या चार दशकांच्या निवडणुका तपासल्या आहेत. मुख्य प्रवाहातील पक्षांनी कडव्या उजव्यांची भूमिका उचलल्याने कडव्या उजव्या पक्षांची मते घटतात, असे त्यांना आढळले नाही. उलट मतदार कडव्या उजव्यांकडे वळण्याचीच शक्यता दिसली.

४ जुलै २०२४ रोजी हुजूर पक्षाची मते ४३.६ टक्क्यांवरून २३.७ टक्क्यांवर आणि जागा ३६५ वरून १२१ वर आल्या. रिफॉर्मला १४.३ टक्के मते पडली. वाहनांवरील आकारणीला विरोध करणाऱ्या प्रतिस्पर्धी उमेदवाराला हरवून सादिक खान मे महिन्यातच तिसऱ्यांदा महापौर झाले होते, आणि सार्वत्रिक निवडणुकीत अक्सब्रिजही मजूर पक्षाने घेतले.

हा डाव सर्वत्र फसतोच, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात २००१ च्या आरंभी जॉन हॉवर्ड यांचे सरकार असेच पिछाडीवर होते आणि मार्चमध्ये ब्रिस्बेनमधील रायन ही हक्काची जागा त्यांनी पोटनिवडणुकीत गमावली होती. ऑगस्टमध्ये चारशेहून अधिक आश्रयार्थींना समुद्रातून वाचवणाऱ्या ‘टँपा’ या नॉर्वेजियन जहाजाला त्यांनी किनाऱ्याला लागू दिले नाही आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. वन नेशन या कडव्या उजव्या पक्षाची मते आधीच्या निवडणुकीच्या मानाने निम्म्यावर आली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याने वातावरण बदलले होते, हे खरे. पण हॉवर्ड यांनी ‘टँपा’ क्षितिजावर दिसण्याच्या पाच-सहा महिने आधीच पेट्रोलवरील अबकारी कर कमी करून तो महागाईबरोबर आपोआप वाढण्याची पद्धत बंद केली होती आणि मतदारांच्या खिशाशी असलेले भांडण बव्हंशी मिटवले होते. जहाज रोखणे हा निर्णयही त्यांच्या सैन्याच्या आवाक्यातला होता, म्हणजे बोललेले करून दाखवता येत होते. सुनक यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.