मामाची पोरगी, आठातला एक आणि चोवीस आठवडे

मागच्या महिन्यात तासगावकडं एका सुपारीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मुलगी नवऱ्यामुलाच्या सख्ख्या मामाची. जेवायला बसल्यावर मुलाचे चुलते म्हणाले, "रक्तगट बघितलाय ओ, दोघांचा वेगळा आलाय, आता काय काळजी न्हाय." हे वाक्य सांगली-साताऱ्याकडं मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला म्हणून पोरांना काहीही होत नाही. बाई आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात इंजेक्शन देतात, एवढाच काय तो विषय. बघायचं असतं ते वेगळंच.

थॅलेसेमिया या आई-वडलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घेऊ. शाळेत शिकलोय की प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडलांकडून. हिमोग्लोबिनचा बीटा साखळी नावाचा भाग बनवणाऱ्या जनुकाची एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी लागतं आणि बायका असतील तर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतात. दोन्ही प्रती बिघडल्या की थॅलेसेमिया मेजर, मग दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह बाहेर काढायला वेगळं औषध. भारतात शंभरात साधारण ३ ते ४ माणसं वाहक आहेत आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं.

आता मामाच्या पोरीचं गणित, जे मला सगळ्यात आवडतं. समजा मुलगा वाहक आहे. ही बिघडलेली प्रत त्याला आईकडून मिळाली असण्याची शक्यता अर्धी, कारण दुसरी अर्धी वडलांच्या वाटणीची. आईकडून आली असेल तर तिला ती आजी किंवा आजोबांपैकी कुणाकडून तरी मिळालीय. त्याच आजी-आजोबांचा मुलगा म्हणजे मामा, त्याच्यात ती उतरली असण्याची शक्यता परत अर्धी. आणि मामाकडून त्याच्या पोरीत उतरण्याची परत अर्धी. अर्ध्याचं अर्धं आणि त्याचं अर्धं म्हणजे आठातला एक, शंभरात साडेबारा. परक्या घरातली मुलगी केली असती तर ती वाहक असण्याची शक्यता शंभरात ३-४ होती. पुढं दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक, आणि हे प्रत्येक वेळी नव्यानं असतं, पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील असं नाही, नाण्याला मागचं काही आठवत नसतं. म्हणजे वाहक मुलानं मामाची पोरगी केली तर आठातला एक गुणिले चारातला एक, बत्तीसात एक. परक्या घरात हेच शंभरात फार तर एक येतं. आणि हे फक्त एका जनुकाचं झालं, असे दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसणारे आजार हजारोंनी आहेत.

म्हणून मामाची पोरगी करूच नका असं मी म्हणत नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात मोठा जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात २-३ असते, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण ४ ते ६ होते. नव्वदच्या वर पोरं व्यवस्थितच असतात, म्हणून तर "आमच्यात पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय" असं सांगणाऱ्याला ते खरं वाटतं. पण ज्या घरात ते आजारी मूल जन्मतं तिथं सगळं बोट सुनेकडं जातं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, पत्रिका नीट बघितली नाही म्हणून. ग्रहणाची सावली गर्भातल्या जनुकाला शिवत नाही हो, आणि वरचं गणित बघा, निम्मा वाटा मुलाचाच आहे.

हे गणित घरच्यांना समजावून सांगणारा माणूस म्हणजे जेनेटिक काउन्सेलर. हा शब्द शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४७ मध्ये वापरात आणला. त्याआधी 'चांगला वंश' वाढवायच्या नावाखाली लोकांची जबरदस्तीनं नसबंदी झाली होती, त्यापासून लांब राहायचं म्हणून या व्यवसायानं नियम धरला की माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय त्या कुटुंबाचा. मूल ठेवायचं ठरवलं तर उपचार कुठं मिळतील ते सांगायचं, नाही ठेवायचं ठरवलं तर तो रस्ताही दाखवायचा. पण तो रस्ताच बंद असेल तर? अमेरिकेत जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, काही राज्यांत सहाव्या आठवड्याच्या आसपासच बंदी आली, आणि गर्भातल्या बाळाला आजार आहे का बघायला वारेचा तुकडा घेऊन करायची सगळ्यात लवकरची निदान चाचणीसुद्धा दहाव्या आठवड्याच्या आधी करत नाहीत. म्हणजे रिपोर्ट यायच्या आधीच दार बंद. तिथल्या जेनेटिक काउन्सेलरांची संघटना उघडपणे बाईच्या निर्णयाच्या बाजूनं उभी राहिली आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आपल्याकडं गर्भपाताचा कायदा बराच बरा आहे पण माहीत कुणाला आहे? २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, बाळात गंभीर दोष असेल तर २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर, त्यापुढं मेडिकल बोर्ड, आणि बोर्डानं ३ दिवसांत उत्तर द्यायचंय. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कुठंही मागितलेली नाही, तरी एका दवाखान्यात माझ्या समोर एका पोरीला "मालकाला घेऊन या" म्हणून परत पाठवलं. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हापासून आमच्याकडं गर्भपात म्हणलं की लोकांना गुन्हाच आठवतो. मुलगी म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हाच आहे आणि त्याला कडक शिक्षा पाहिजेच. पण १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदासुद्धा थॅलेसेमियासारख्या आजारासाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी देतो, हे दवाखान्यातल्या 'इथं गर्भलिंग निदान होत नाही' या पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि आठवडे कुणासाठी थांबत नाहीत. वारेची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजल साधारण १६ नंतर, सॅम्पल पुण्या-मुंबईला जाणार, पेशी वाढवून गुणसूत्रं बघायची असतील तर २-३ आठवडे रिपोर्टला, त्यात "उसाचं बिल आलं की करू" म्हणून घरचे थांबले की २४ कधी उलटले कळत नाही. आईच्या रक्तातून करायची ती महागडी एनआयपीटी टेस्ट 'बाळ नॉर्मल असल्याची गॅरंटी' म्हणून कुणी विकत असेल तर तेही खोटं, ती फक्त शंका दाखवणारी चाळणी आहे, निदान नव्हे, आणि साधी एनआयपीटी थॅलेसेमिया बघतच नाही.

त्यापेक्षा लग्नाआधी किंवा दिवस जायच्या आधी एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करा, त्यात ए-टू नावाच्या प्रकाराचं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर बहुतेक वेळा माणूस वाहक असतो. त्या चुलत्यांना मी हेच सांगितलं, आणि आधी मुलाचं रक्त द्या म्हणालो, त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तर या आजारापुरतं बहुतेक वेळा पोरीला सुई टोचायचीसुद्धा गरज नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "मिरजेत होतंय का हे?"