दर वाढला की पाया बदलला?

कॅसिनो किंवा ऑनलाइन गेमिंगच्या शेअरचा विषय निघाला की आमचे भावोजी हटकून सांगतात, "28 टक्के जीएसटी लावला आणि शेअर बुडाला." अहो, गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं चालवणारी डेल्टा कॉर्प 28 टक्के आधीपासूनच भरत होती! तरी 11 जुलै 2023 ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला आणि दुसऱ्याच दिवशी शेअर 20 टक्क्यांहून जास्त आपटला. कॅसिनोचा दर होता तिथेच होता. बदलला तो पाया, म्हणजे कर कशावर मोजायचा ते.

समजा, गिऱ्हाइकाने खिडकीवर 1,000 रुपयांच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, घेतल्या, रात्रभर खेळला आणि उठताना 800 च्या परत केल्या. गल्ल्यात राहिले 200. आधी कर त्यावरच होता: 28 टक्के म्हणजे 56 रुपये. उरलेल्या 144 मध्ये पगार, डिझेल, परवाना. आता तोच दर सुरुवातीच्या 1,000 वर लावा: 280 रुपये. कमाई 200, कर 280! मग एक तर गिऱ्हाइकाकडून उकळा, नाही तर पदरचे घाला. ढोबळमानाने 1 ऑक्टोबर 2023 पासून हाच हिशोब आहे. जिंकलेले पैसे पुन्हा लावले तर त्यांवर कर नाही, एवढाच दिलासा.

तिसराही पाया आहे, आणि तो सगळ्यात भयंकर: प्रत्येक डावावर लावलेली रक्कम. तेच 1,000 रुपये रात्रभर टेबलावर फिरतात आणि दर डावाला नव्याने मोजले जातात. सप्टेंबर 2023 मध्ये डेल्टाला मागच्या वर्षांच्या करापोटी 11,139 कोटींची नोटीस आली. हा आकडा एकूण पैजांवरून काढलाय, असं कंपनीनेच शेअर बाजाराला कळवलं. अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत तेव्हा त्याच्या निम्मीही नव्हती.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, म्हणजे तो जुगार ठरतो का, हा वाद मात्र गुंतवणूकदाराने आता सोडून द्यावा. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले. रमी, पोकरचं कौशल्यही त्यात वाचलं नाही. मांडवीतली जहाजं त्या कायद्यात येत नाहीत.

22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोंचा दर 40 टक्के झाला, तेव्हा भावोजींचा फोन आलाच. "चाळीस झाले रे!"

म्हटलं, "कशावर?"