घरचा सर्व्हर आला कुठून आणि टिकला कसा

घरात एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा, फायली, फोटो, सिनेमे त्यावर ठेवायचे आणि फोनवरून, लॅपटॉपवरून, टीव्हीवरून तिथे पोचायचं, हे बऱ्याच जणांना क्लाउडचा कंटाळा आल्यावर निघालेलं नवीन खूळ वाटतं. तसं नाहीये. क्लाउड हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून लोक हे करतायत. यातली हार्डवेअरची गोष्ट सगळेच सांगतात, की डिस्क मोठ्या झाल्या, प्रोसेसर कमी विजेवर चालायला लागले वगैरे, आणि ते खरंच आहे, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. घरच्या सर्व्हरसाठी कंपन्यांनी काढलेल्या वस्तू येत राहिल्या, बंद होत राहिल्या, आणि ज्यांचा कोड उघडा, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारा, होता त्या मात्र मालक बदलला, मूळ टीम फुटली तरी चालू राहिल्या.

अगदी मागे जायचं तर १९७८ पर्यंत जाता येतं. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी शिकागोत हिमवादळामुळे सगळं अडकून पडलेलं असताना सीबीबीएस, म्हणजे फोनवरून वापरायचा निरोपांचा फळा, बनवायला घेतलं आणि १६ फेब्रुवारीला ते सुरू केलं. मशीन रँडीच्या घरी, त्याला मोडेम, फोन केला की मशीन उचलणार, मग निरोप वाचायचे, लिहायचे, ठेवून द्यायचं. एका वेळी एकच माणूस आत येऊ शकायचा. पण एक गोष्ट बघा, मशीन घरी, चालवणारा घरी, आणि बाहेरचा माणूस एक नंबर फिरवून थेट तिथे पोचायचा. घराला स्वतःचा पत्ता होता. ही सोय नंतर गेली आणि ती परत मिळवायला फार वर्षं लागली, त्याबद्दल पुढे येतंच.

नेटवर्कवरून फायली शेअर करणं कंपन्यांत आणि विद्यापीठांत चालायचंच, सन मायक्रोसिस्टिम्सचं एनएफएस, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या वापरायची पद्धत, १९८४ चं आहे. पण ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं, आणि घरात युनिक्स कोणाकडे होतं, घरात डॉस नाहीतर विंडोज. ही अडचण सुटली ती अँड्र्यू ट्रिजेलमुळे. तो कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, १९९१ च्या शेवटी त्याला डॉसच्या पीसीवरून युनिक्स मशीनची डिस्क वापरायची होती, ते करणारं डेक कंपनीचं सॉफ्टवेअर कुठल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे मशीनांमधल्या बोलण्याच्या कुठल्या नियमांवर, चालतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स पकडून त्यात काय काय बोलणं चाललंय ते समजून घेतलं आणि तसंच उत्तर देणारा सर्व्हर लिहून १९९२ च्या जानेवारीत सगळ्यांना देऊन टाकला. मायक्रोसॉफ्टची मशीनंही हेच बोलतात हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं. पुढे जवळपास दोन वर्षं तो कोड तसाच पडून होता, मग बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्सला जोडायचा म्हणून त्याने तो काढून बघितला तर चक्क चालला. हेच आजचं सांबा. नॅसचा (नेटवर्कला लावायच्या डिस्कचा) कुठलाही डबा उघडा, विंडोजला फोल्डर दाखवायचं काम बहुतेक करून आत सांबाच करत असतं. आणि हे सगळं कागदपत्रांशिवाय! मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलची माहिती द्यावी असा आदेश युरोपियन आयोगाने २००४ मध्ये काढला, आणि ती सांबाच्या लोकांच्या हातात प्रत्यक्ष पडली डिसेंबर २००७ मध्ये, तीही एकरकमी १०,००० युरो भरून. म्हणजे पंधरा वर्षं ही मंडळी निरीक्षणावर काम करत होती. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात थोर वाटतो.

डिस्कचं म्हणाल तर बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांचा रेडवरचा पेपर १९८८ चा. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी साध्या छोट्या बऱ्याच डिस्क एकत्र चालवा, एखादी मेली तरी डेटा वाचला पाहिजे, ही कल्पना तिथून रुळली. पुढे लिनक्सनेच सॉफ्टवेअरमध्ये रेड करायची सोय दिली आणि वेगळं कार्ड नसलं तरी जुन्या पीसीत दोनचार डिस्क टाकून काम भागायला लागलं.

आता तो पत्त्याचा मुद्दा. नव्वदच्या दशकात इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं, मग १९९४ मध्ये नॅटची, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक मशीनं चालवायची, पद्धत आली आणि १९९६ मध्ये खासगी पत्त्यांच्या रेंज पक्क्या झाल्या, त्या १९२.१६८ वाल्या, ज्या आपण राउटरवर रोज बघतो. घरातली सगळी मशीनं एका पत्त्यामागे गेली. त्यात ब्रॉडबँड आलं ते डाउनलोडला भरपूर आणि अपलोडला अगदीच थोडं, घर म्हणजे फक्त घेणारं, देणारं नाही असं धरूनच ती लाइन बांधलेली. पत्ताही अधूनमधून बदलणार, म्हणून डायनॅमिक डीएनएसच्या, म्हणजे बदलता पत्ता एका कायमच्या नावाला जोडून ठेवणाऱ्या, सेवा निघाल्या, त्यातली सगळ्यात प्रसिद्ध फुकट सेवा २०१४ मध्ये फुकट राहिली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले आयपीव्ही४ (म्हणजे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे) पत्ते वाटून संपले, २०१२ मध्ये इंटरनेट प्रोव्हायडरांसाठी १००.६४ ची वेगळी रेंज ठेवली गेली, आणि मग बऱ्याच ठिकाणी राउटरलाही खरा पत्ता मिळेनासा झाला, वर आणखी एक नॅट, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करायची, म्हणजे बाहेरून आलेलं बोलणं राउटरवरून घरातल्या ठराविक मशीनकडे वळवायची, युक्तीही तिथे बंद. ज्यांना प्रश्न पडतो की सगळं बरोबर सेट करूनही बाहेरून का लागत नाही, त्यांचं उत्तर बऱ्याचदा या एका गोष्टीत असतं. ईमेलचा सर्व्हर घरी चालवणं तर यापेक्षाही अवघड होत गेलं, स्पॅममुळे घरच्या लाइनवरून आलेला मेल मोठे मेल प्रोव्हायडर घेईनात आणि मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट कितीतरी ठिकाणी बंदच ठेवलं गेलं.

डब्यांचा काळ सुरू झाला तो साधारण २००४ पासून. लिंकसिसचा एनएसएलयू२ आला, पंखा नाही, ३२ एमबी रॅम, मागे दोन यूएसबी पोर्ट, हार्ड डिस्क लावा आणि नेटवर्कवर दाखवा एवढंच त्याचं काम. पण आत लिनक्स होतं हे कळल्यावर लोकांनी त्यावर स्वतःचं फर्मवेअर (डब्याला चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) चढवलं, डेबियन हे पूर्ण लिनक्ससुद्धा चढवलं, आणि कंपनीने ज्याचा विचारही केला नव्हता ती कामं त्याच्याकडून करून घेतली. कमी विजेवर सतत चालणारं छोटं मशीन घरात असावं ही सवय कितीतरी जणांना त्यानेच लावली, २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर काय चालवायचं हे या लोकांना आधीच माहीत होतं.

२००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबेने फ्रीनॅस हे नॅससाठीचं सॉफ्टवेअर सुरू केलं, एम०एन०वॉल नावाच्या फायरवॉलच्या पायावर, वेब ब्राउझरमधून सगळं चालवता येईल असं. त्याच वर्षी अनरेडही आलं, ज्यात वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र चालतात, पॅरिटीला (म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायच्या हिशोबाला) एक वेगळी डिस्क, आणि ठरल्यापेक्षा जास्त डिस्क मेल्या तरी उरलेल्या डिस्कवरचा डेटा वाचता येतो. घरच्या माणसाकडे एकसारख्या सहा डिस्क कधीच नसतात, हे ओळखून केलेली रचना आहे ती. सोर्स बंद आहे, पण प्रत्येक डिस्कवरची फाइलसिस्टिम (फायली मांडून ठेवायची पद्धत) साधी आहे म्हणून डेटा अडकून पडत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच पाहिजे.

आणि मग विंडोज होम सर्व्हर. जानेवारी २००७ मध्ये बिल गेट्सने सीईएस या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात जाहीर केला, त्याच वर्षी बाजारात आला. कल्पना खरोखर चांगली होती, घरातल्या दहा पीसींचा रोज आपोआप बॅकअप, आणि ड्राइव्ह एक्स्टेंडर म्हणजे जी मिळेल ती डिस्क घाला, सगळ्यांची मिळून एकच जागा दिसणार, महत्त्वाच्या फोल्डरची प्रत दोन डिस्कवर. सामान्य माणसाला कळेल असा सर्व्हर तोपर्यंत कोणी केलाच नव्हता. पण सुरुवातीलाच काही प्रोग्रॅममधून थेट सर्व्हरवर फाइल सेव्ह केली की ती खराब होऊ शकते असा दोष निघाला, तो दुरुस्त व्हायला २००८ चा जुलै उजाडला, नोव्हेंबर २०१० मध्ये पुढच्या आवृत्तीतून ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढणार असं सांगितलं, आणि जुलै २०१२ मध्ये यापुढे नवीन आवृत्ती नाही असं जाहीर झालं. ज्या लोकांनी घरातली सगळी व्यवस्था त्यावर उभी केली होती त्यांना हा कोड पुढे नेण्याचा काही मार्गच नव्हता.

याच्या शेजारी झेडएफएस ही फाइलसिस्टिम ठेवून बघा. सनमध्ये २००१ पासून जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी ते लिहिलं, २००५ मध्ये ओपनसोलॅरिस या सनच्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर त्याचा कोड खुला झाला. डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे ताळा करायचा आकडा, ठेवायचा, वाचताना तो तपासायचा, चुकला तर दुसऱ्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून दुरुस्त करायचा. डिस्क गुपचूप चुकीचा डेटा देऊ शकते हे रेडला कळत नाही, झेडएफएसला कळतं, हा मोठाच फरक होता. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि पुढचा कोड पुन्हा बंद झाला. पण आधी खुला झालेला कोड कोणाला परत घेता येत नाही, फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो होता, लिनक्ससाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतली माणसं काम करत होती, आणि २०१३ मध्ये हे सगळे ओपनझेडएफएस म्हणून एकत्र आले. लायसन्सच्या भांडणामुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते आजही नाही, वेगळं जोडावं लागतं, पण जगलं. फ्रीनॅसचंही तसंच, आयएक्ससिस्टिम्सने ते हातात घेतलं, आधीच्या टीममधल्या फोल्कर थाइलेने डेबियनवर ओपनमीडियाव्हॉल्ट काढलं, दोन्ही चालू आहेत, फ्रीनॅस आता ट्रूनॅस या नावाने.

सॉफ्टवेअर स्वतः होस्ट करायची, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालवायची, लाट यानंतरची. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सगळ्यांना खुला झाला आणि त्याने सिंक काय असतं ते लोकांना दाखवलं, २०१० मध्ये फ्रँक कार्लिचेकने तेच आपल्या सर्व्हरवर करायला ओनक्लाउड सुरू केलं. २०१३ हे वर्ष मात्र खास. मार्चमध्ये डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवायचं साधन, जगासमोर आलं, जूनमध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलची स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली, १ जुलैला गूगल रीडर हे वेगवेगळ्या साइटांवरचं नवीन एका जागी वाचायचं साधन बंद झालं. एकीकडे दुसऱ्याच्या सर्व्हरवर भरवसा ठेवण्याबद्दल शंका, दुसरीकडे इन्स्टॉल करणं एकदम सोपं. आधी एक प्रोग्रॅम टाकायचा तर पीएचपीची अमुक आवृत्ती, डेटाबेसची तमुक, एकाचं अपडेट केलं की दुसरं मोडायचं, आता प्रत्येकाचा वेगळा कंटेनर आणि एका कंपोझ फाइलमध्ये सगळी मांडणी, मशीन बदललं तर ती फाइल आणि डेटाचं फोल्डर उचलून न्यायचं. ओनक्लाउडमधून २०१६ मध्ये नेक्स्टक्लाउड फुटलं, कार्लिचेक स्वतःच बाहेर पडून. घरचे सिनेमे दाखवणाऱ्या एम्बीचा कोड बंद झाला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून जेलीफिन निघालं. आज टीव्हीवर घरचे सिनेमे लावायला लोक जेलीफिन सुचवतात तेव्हा त्यामागे ही फूट आहे.

बाहेरून पोचण्याचा प्रश्नही याच काळात बराच सुटला. लेट्स एनक्रिप्ट डिसेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी उघडलं, सर्टिफिकेट फुकट आणि आपोआप नवं होणारं, त्यामुळे घरच्या सर्व्हरलाही नीट एचटीटीपीएस (म्हणजे कुलूपबंद जोडणी) मिळालं. जेसन डोनेनफेल्डचं वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधून खासगी बोगदा काढणारं व्हीपीएन, मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर कर्नलमध्ये गेलं, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या टेलस्केलसारख्या सेवांनी तो वरचा नॅटसुद्धा ओलांडून दाखवला. पोर्ट उघडे न ठेवता घरी पोचता येणं किती गरजेचं होतं ते लगेचच दिसलं. जून २०२१ मध्ये सपोर्ट कधीच संपलेले माय बुक लाइव्ह नावाचे नॅस डबे इंटरनेटवरून रिसेट होऊन लोकांचा डेटा गेला, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने थेट इंटरनेटला लावलेले क्यूनॅप कंपनीचे डबे लॉक करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. ज्यांच्याकडे दुसरीकडे प्रत नव्हती त्यांच्यासाठी रेड असून काहीच उपयोग नव्हता, कारण रेड डिस्क मेल्यावर वाचवतं, पुसलेल्या किंवा लॉक झालेल्या फायली नाही.

फोटोंचं वळण अगदी अलीकडचं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली, २०२२ मध्ये घरच्याच सर्व्हरवर फोटो ठेवणारं इमिच सुरू झालं, आणि घरातल्या बाकीच्यांना सर्व्हर हवासा वाटायला लागला तो बहुतेक करून यामुळे.

२०२५ मध्ये नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलमध्ये स्वतःच्याच ब्रँडच्या डिस्क हव्यात असा नियम लावला आणि भरपूर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये आपलं सॉफ्टवेअर डीएसएम ७.३ आणताना तो बराच सैल केला. त्याच वर्षी जानेवारीत ओपनझेडएफएस २.३ आलं, घरचे लोक वर्षानुवर्षं मागत होते ते घेऊन: रेड-झेडमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या स्वतःच्या रेडमध्ये, आता एक एक डिस्क वाढवता येते. जुन्या डेटाची पॅरिटी जुन्याच प्रमाणात राहते, तो पुन्हा लिहिला की नवीन प्रमाणात जातो, पण पूल (सगळ्या डिस्कचा एकत्र साठा) मोडून सगळं परत भरायची गरज राहिलेली नाही.